कर्ज मिळालं, आता शिकवा

उद्योजकता विकासाच्या वर्गांना मला बोलावतात ते शेवटच्या एक-दोन दिवसांत. तोवर बाकी सगळं झालेलं असतं. साध्यप्रेरणेचे, म्हणजे ध्येय गाठायची जिद्द जागवणारे खेळ, बाजारपेठ पाहणी, प्रकल्प अहवाल, जिल्हा उद्योग केंद्रातल्या साहेबांचं भाषण, बँकेच्या मॅनेजरचं भाषण. माझ्या तासाला 'उद्योजकाशी संवाद' म्हणतात. भांडुपला एलबीएस रोडच्या आतल्या बाजूला माझा गाळा आहे. टर्निंगचं जॉबवर्क करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या ऑर्डरीप्रमाणे धातूच्या सळया मशीनवर कातून भाग बनवून देतो. पितळ, साधं पोलाद, थोडं स्टेनलेस. मुलं विचारतात, सुरुवात कशी केली, कर्ज किती होतं, घरून पाठिंबा होता का. चांगले प्रश्न आहेत, मी मनापासून उत्तरं देतो. पण 'काका, तुम्ही रेट कसा काढता?' असं फार क्वचित कुणी विचारतं. म्हणून हल्ली मी गेल्या गेल्या फळ्यावर एक पीस काढतो आणि सांगतो, याचं कोटेशन द्या.

पीस साधा आहे, पितळी बुश. २० मिलिमीटरची सळई, तयार बुश ३२ मिलिमीटर लांब, बाहेरून १८ आणि आत १० चं भोक. ऑर्डर ५०० नगांची. पितळेचा भाव रोज हलतो, म्हणून गणितापुरता सळईचा भाव किलोला ६०० धरायचा आणि मशीनखाली पडणाऱ्या स्क्रॅपचा ४००. मशीन जुनं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं, त्याचा तासाचा दर ३००.

आयटीआयची मुलं पटापट गणित करतात. कापायला ३ मिलिमीटर जातात, म्हणजे एका नगाला ३५ मिलिमीटर सळई. वजन ९४ ग्रॅम, किंमत ५६ रुपये. तयार बुश ४८ ग्रॅमचा, उरलेलं ४६ ग्रॅम स्क्रॅप, त्याचे १८ रुपये परत येतात. माल पडला ३८ ला. मशीनवर दोन मिनिटं लागतात, त्याचे १० रुपये. झाले ४८. वर दहा टक्के नफा, ५३ रुपये. वर्ग एकदम खूश होतो.

मग मी विचारायला लागतो. सेटिंगचे, म्हणजे मशीन या पीससाठी लावून घेण्याचे, तीन तास कुणाच्या खात्यात? ५०० नगांत वाटले तर नगाला १ रुपया ८० पैसे. झिजणारी कापायची हत्यारं आणि कूलंट, रुपयाभर. शंभरात चार पीस रिजेक्ट होतात असं धरलं तर दोन रुपये. टेम्पोचे ६०० रुपये, नगाला सव्वा रुपया. तीन मीटरच्या प्रत्येक सळईचं जे टोक मशीनच्या पकडीत राहतं त्यातून पीस निघत नाही, ते अर्धा रुपया खातं. आणि पार्टी, म्हणजे आपलं गिऱ्हाईक, नव्वद दिवसांनी पैसे देणार. ५३ रुपयांवर वर्षाला १२ टक्क्यांनी तीन महिन्यांचं व्याज दीड रुपयाच्या वर जातं. बेरीज करा, आठ रुपये. नफा धरला होता पाच.

तासाचे ३०० आले कुठून, हे तर अजून विचारलंच नाही. मुलं सांगतात: गाळ्याचं भाडं, मशीनचा हप्ता, लाईट बिल, ऑपरेटरचा पगार, सगळं मिळून महिन्याला ६२,४००. दिवसाचे आठ तास, महिन्याचे २६ दिवस, २०८ तास. भागाकार अगदी बरोबर आहे. पण कुठलं मशीन महिन्याला २०८ तास बिलाचं काम करतं? ऑर्डर संपलेली असते, मटेरियल आलेलं नसतं, गणपतीत ऑपरेटर गावाला गेलेला असतो, स्पिंडलचं बेअरिंग जातं. नव्या माणसाचं मशीन महिन्याला १३० तास चाललं तरी पुष्कळ झालं. ६२,४०० भागिले १३०, म्हणजे ४८०. त्या दोन मिनिटांचे मग १० नाही, १६ रुपये होतात. आणखी सहा गेले. ५३ रुपयांना दिलेल्या प्रत्येक बुशामागे आपण नऊ रुपये पदरचे घालतोय, आणि यात मालकाचा स्वतःचा पगार अजून धरलेला नाही.

या ठिकाणी वर्ग गप्प होतो. आणि मग जे प्रश्न सुरू होतात ते फार मोलाचे असतात. एका मुलीने विचारलं, "सर, मग पार्टीला ६७ रुपये सांगितले तर ऑर्डर जाईल ना?" जाऊ शकते. मग सेटिंग कमी वेळात करायचं, दोन ऑर्डरी एकाच सळईवर घ्यायच्या, १८.५ ची सळई मिळते का बघायचं, सळई पार्टीलाच द्यायला सांगून फक्त मजुरीचा रेट द्यायचा, ॲडव्हान्स मागायचा. आणि यातलं काहीच जमत नसेल तर ती ऑर्डर सोडायची. धंद्याची अक्कल या प्रश्नापासून पुढे सुरू होते आणि वर्ग मात्र तिथे संपतो, कारण जेवणाची सुट्टी झालेली असते.

माझं एवढंच म्हणणं आहे. धंदा करणाऱ्याला दोन गोष्टी शिकवाव्या लागतात, भाव काढणं आणि पैसे वसूल करणं. आणि त्या शिकवायची वेळ धंदा सुरू झाल्यानंतरची आहे. आपण सगळं शिक्षण आधी उरकतो, कर्जाच्या दारापर्यंत माणसाला नेऊन सोडतो आणि तिथून तो एकटा चालायला लागतो.

हे मी प्रशिक्षणाला कमी लेखून म्हणत नाही. माणूस शिकून उद्योजक होऊ शकतो ही गोष्ट या देशात साठ वर्षांपूर्वी करून पाहिली गेली आहे. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकलेलंड यांनी १९६४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत आणून शिकवलं. कर्ज दिलं नाही, मशीन दिलं नाही. स्वतःसमोर अवघड पण गाठता येईल असं ध्येय ठेवायचं, जोखीम मोजून घ्यायची, एवढ्यावर भर होता. नंतर पाहिलं तर शिकलेल्यांनी न शिकलेल्यांपेक्षा जास्त नवी गुंतवणूक केली होती, जास्त माणसं कामाला लावली होती. आपल्या वर्गांत जो कडी फेकण्याचा खेळ घेतात तो याच विचारातून आलेला आहे. खुंटी समोर, कड्या हातात, किती लांब उभं राहायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. कोणी खुंटीला चिकटून उभा राहतो, कोणी टाळ्या मिळवायला पार भिंतीपाशी जातो, आणि कोणी पहिली कडी चुकली की अर्धं पाऊल पुढे येतो. हा तिसरा माणूस मी खेळाच्या वेळी नीट बघून ठेवतो. पुढे गुजरातने सत्तरच्या दशकात असे कार्यक्रम सुरू केले, १९८३ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय पातळीची उद्योजकता विकास संस्था झाली, १९८८ मध्ये आपलं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झालं. महाराष्ट्रातल्या कितीतरी लहान गावांतल्या मुलांनी 'तू धंदा करू शकतोस' हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा अशाच वर्गात ऐकलं असेल. ते वाक्य फार मोठं काम करतं.

पण काकीनाड्याची एक गोष्ट आपण मागे सोडली. तिथे शिकायला आलेले लोक आधीपासून काही ना काही व्यवसाय करत होते. सोमवारी शिकलेलं मंगळवारी लावून पाहायला त्यांच्याकडे जागा होती.

माझे वडील परळच्या एका गिरणीत फिटर होते. माग उघडून परत जोडायचे आणि पाय ठेवला की आवाजावरून सांगायचे कुठला भाग सैल आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि आमच्या चाळीतल्या घराघरात असे हात रिकामे बसले. पुढे काही जण भिवंडीला यंत्रमागांवर गेले, तिथेही नोकरीलाच. याचा मी फार विचार केला आहे. या माणसांच्या कौशल्यात कसलीही उणीव नव्हती. सुताचा भाव काय, कापड काय भावाने जातं, व्यापारी किती दिवसांनी पैसे देतो, हे सगळं मात्र गिरणीच्या ऑफिसात घडायचं, माग चालायचे त्या खात्यात नाही. तीस वर्षं मागावर काम करून वडिलांना एक मीटर कापडाची पडती किंमत माहीत नव्हती. कुणी त्यांना ती कधी दाखवलीच नव्हती.

त्याच चाळीत आत्याची खानावळ होती आणि आत्या चौथी शिकलेली. सातारा-रत्नागिरीकडचे, बायकापोरं गावाला असलेले गिरणी कामगार तिच्याकडे जेवायचे. मी शाळेतून आल्यावर तिच्या वहीत खाडे मांडायचो. कोण कुठल्या दिवशी जेवला नाही, त्याचा खाडा. तिचा नियम पक्का होता: खाडा आदल्या रात्री सांगितला तरच धरायचा, कारण सकाळी सांगितलास तर तुझ्या वाटची भाजी आणून झालेली असते. पगाराच्या दिवशी ती संध्याकाळी स्वयंपाकाला शेजारणीला बसवायची आणि स्वतः दारात खुर्ची टाकून बसायची. कोणाला काही बोलायची नाही. जेवायला आत जाताना प्रत्येक जण पैसे देऊन जायचा. एक किलो ज्वारीच्या किती भाकऱ्या, कुठल्या वारी मटण केलं तर महिन्याचा हिशोब बसतो, वाण्याची उधारी कितीवर गेली की त्याचे व्याजाचे भाव सुरू होतात, हे तिला तोंडपाठ होतं. संप लांबला तेव्हा माणसं गावाला निघाली आणि तिची बरीच उधारी बुडाली. उरलेल्यांना तिने रोजच्या रोज रोखीवर आणलं. रडली असेल, पण ते आम्ही पाहिलं नाही. अशा खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं काम प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून सुरू केलं. कर्ज मिळाल्यावर त्या बायकांना पुढचं फारसं शिकवावं लागलं नसणार, कारण भाव आणि वसुली त्या कोळून प्यायल्या होत्या.

फिटर बाप आणि खानावळवाली आत्या. गाळा मी बापाच्या हातांनी उभा केला असेन, पण तो टिकला तो आत्याच्या वहीने.

पेढीवर बसणारी पोरं हेच शिकतात. शाळेतून आलं की दप्तर ठेवायचं आणि काकाच्या शेजारी बसायचं. गिऱ्हाईक भाव पाडून मागतं तेव्हा काका काय बोलतो, कधी गप्प बसतो, कोणाला उधार देतो आणि कोणाला चहा पाजून परत पाठवतो, हे बघत बघत पोरगं मोठं होतं. लोक म्हणतात धंदा त्यांच्या रक्तात आहे. मला हे अजिबात मान्य नाही. तो दहा वर्षांचा कोर्स आहे, फक्त त्याला फी नाही आणि सर्टिफिकेट नाही. आणि तो मराठी घरांतही चालतो. लोणच्या-मसाल्यांचे, मिठाईचे, छपाईचे, औषधांचे किती मराठी उद्योग गिरगाव-दादरला पिढ्यानपिढ्या उभे आहेत, तिथली मुलंही असंच बघत बघत शिकली. प्रश्न त्यांचा आहे ज्यांच्या घरात ती गादी नव्हती. त्यांना ती बसायची जागा आपण देऊ शकतो का?

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण मी मुलांना नेहमी देतो. ते मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टला चित्रकला शिकायला आले, रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि १८८७ मध्ये निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायला लागले. तिथल्या वर्कशॉपमधल्या मशीनांशी त्यांची जी दोस्ती झाली ती पुढे किर्लोस्करवाडीला कामी आली. मला त्यातला सायकलींचा भाग सगळ्यात जास्त आवडतो. नोकरीत असतानाच ते मुंबईहून सायकली बेळगावला पाठवायचे आणि रामूअण्णा, त्यांचे भाऊ, तिथे त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. म्हणजे नोकरी चालू, शिक्षण चालू आणि बारीक का होईना पण खरी खरेदी-विक्रीही चालू. पुढे बढती डावलली गेली तेव्हा राजीनामा देऊन ते बेळगावला गेले. त्या वेळी त्यांना गिऱ्हाईक म्हणजे काय हे आधीच माहीत होतं.

माझी मुलगी अर्थशास्त्र शिकते. तिने मला दोन अभ्यास वाचून दाखवले आणि ते मी आता वर्गातही सांगतो. आफ्रिकेत टोगो नावाचा देश आहे, त्याच्या लोमे या राजधानीतल्या १,५०० छोट्या व्यावसायिकांचे तीन गट केले. एका गटाला नेहमीचं शिकवलं, हिशोब, मार्केटिंग वगैरे. दुसऱ्याला स्वतःहून पुढाकार कसा घ्यायचा, वेगळं काय करायचं, अडथळा आला तर काय, हे शिकवलं. तिसऱ्याला काहीच नाही. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. पहिल्या गटाचा नफा ११ टक्क्यांनी वाढलेला दिसला, पण तो योगायोग नाही असं छातीठोक सांगता येण्याइतका ठळक नव्हता. दुसऱ्या गटाचा ३० टक्क्यांनी वाढला. म्हणजे तो कडी फेकण्याचा खेळ वाया नाही, हे मला त्यातून पटलं. पण दोन्ही गटांतली माणसं आधीपासून धंद्यात होती, आणि वर्ग संपल्यावर प्रशिक्षक पुढचे चार महिने, महिन्यातून एकदा, त्यांच्या धंद्याच्या जागी जाऊन बसले. आपल्याकडे वर्ग संपल्यावर कोणी येतं का? माझ्या गाळ्यात येणारे सरकारी लोक तपासणीला येतात.

दुसरा अभ्यास तर आपल्या दाराशीच झाला. तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत २००८ पासून. १७ कंपन्या, २८ कारखाने. काहींना सल्लागार कंपनीची माणसं काही महिने फुकट दिली. त्यांनी नवी यंत्रं आणली नाहीत. सुताच्या साठ्याची नोंद ठेवायला लावली, कापडातला दोष कुठल्या मागावर, कुठल्या पाळीत आला ते लिहायला लावलं, मागांची देखभाल ठरल्या वेळी करायला लावली, जमीन साफ करायला लावली. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. हे सगळे वर्षानुवर्षं धंद्यात असलेले, शेकडो माणसं कामाला असलेले मालक. त्यांनी हे आधी का केलं नाही? त्यातल्या पुष्कळांना आपलं काम ठीक चाललंय असंच वाटत होतं, कारण दोष मोजलेच जात नव्हते. बोईसरला उतरून त्या एमआयडीसीत मी कामासाठी जातो, तेव्हा हे वाचून मला हुरूप आला. मोठ्या मालकालाही चालत्या कारखान्यात शिकवता येतं, तर आमच्या एका मशीनच्या मुलाला का नाही?

आता सरकारी योजनांकडे बघा. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, २००८ पासून आहे. खादी आयोग तो चालवतो, ज्याचं मुख्यालय विलेपार्ल्यात इर्ल्याला आहे. उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंत, सेवेसाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प. मुंबईसारख्या शहरी भागात सर्वसाधारण गटाला १५ टक्के सबसिडी आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरे गटांना २५ टक्के. बहुतेक मुलांना वाटतं ही रक्कम हातात येते. तसं होत नाही. ती बँकेत तुमच्या नावाने ठेव म्हणून तीन वर्षं अडकून राहते, प्रत्यक्ष पाहणी होते, धंदा चालू असेल तरच कर्जखात्यात वळती होते.

मला वाटतं, उत्तर या तीन वर्षांतच आहे. सबसिडीसाठी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मुलं वर्गाला येतात आणि कित्येकांचं लक्ष त्या कागदाकडे असतं. मी त्यांना दोष देत नाही, पोटाचा प्रश्न आहे. त्यांचा प्रकल्प अहवालही बँकेसाठी लिहिलेला असतो. पहिल्या वर्षी क्षमतेच्या ६० टक्के, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्या वर्षी ८०, सगळ्यांच्या अहवालात तेच आकडे, मग तो शेवया करणारा असो की शर्ट शिवणारा. तो कागद मंजुरीनंतर परत कोणी उघडत नाही. त्याऐवजी थोडं प्रशिक्षण कर्जाच्या आधी द्या आणि उरलेलं त्या तीन वर्षांत वाटून द्या. सहा महिन्यांची बिलं घेऊन एक दिवस या. वर्षाने पुन्हा या. अहवालातले ६० टक्के प्रत्यक्षात किती झाले ते समोर ठेवून बोलू. पैसे अडकलेलेच आहेत, माणूस येणारच. पाहणी करायला जो अधिकारी जातो त्याच्याबरोबर एक भाव काढता येणारा माणूस पाठवा. याला वेगळी इमारत लागत नाही. मुंबईत साकीनाक्याला एमएसएमईचं, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचं, विकास कार्यालय आहे, अंधेरीला १९६६ पासून पॅकेजिंगची राष्ट्रीय संस्था आहे, पवईला आयआयटीत २००४ पासून नवउद्योगांचं उबवणी केंद्र आहे. शिकवणारी माणसं शहरात भरपूर आहेत, पण ती एका मशीनच्या गाळ्यापर्यंत पोचत नाहीत.

वसुलीचं तर कोणीच शिकवत नाही, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

आमच्या एका जुन्या पार्टीने पाच महिने पैसे अडकवले होते. माल उतरून घेतला, वापरला, आणि अकाउंट्समध्ये विचारलं की उत्तर ठरलेलं: "क्वालिटीचं क्लिअरन्स आलेलं नाही." माझ्याकडे माल पोचवल्याच्या चलनाची प्रत होती, तिच्यावर त्यांच्या स्टोअरचा शिक्का, सही, तारीख, वेळ आणि मोजून घेतलेले नग. पर्चेस ऑर्डरवर छापलेलं होतं की माल मिळाल्यापासून सात दिवसांत तक्रार आली नाही तर माल मान्य. हे दोन कागद घेऊन मी त्यांच्या पर्चेस मॅनेजरसमोर बसलो आणि आवाज न चढवता दोन्ही टेबलावर ठेवले. पुढच्या आठवड्यात पैसे आले. ती ऑर्डर घेताना ती ओळ त्यांच्याकडून छापून घेतलेली होती, हे त्यातलं खरं काम.

२००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज. सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते, ती अशा वादांचा निवाडा करणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाते. प्राप्तिकर कायद्यातही आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून बदल झाला: मुदतीत पैसे दिले नाहीत तर ज्या वर्षी देतील त्याच वर्षी खरेदीदाराला तो खर्च दाखवता येतो. म्हणून मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांच्या अकाउंट्समधून आपणहून फोन येतात. यासाठी लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, म्हणजे उद्यम नोंदणी हवी, उत्पादन किंवा सेवा हवी, नुसत्या व्यापाराला हे संरक्षण नाही. उद्यम क्रमांक बिलावर छापा. आता, गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाते, हे मलाही माहीत आहे आणि शिकवताना ते लपवू नये. पण कायदा माहीत असलेल्या माणसाशी समोरचा वेगळ्या सुरात बोलतो. आणि चलनावर सही-शिक्का घ्यायला तर कसलाच कायदा लागत नाही, पण टेम्पोबरोबर जाणाऱ्या पोराला ते सांगावं लागतं.

बायकांच्या बॅचमध्ये एक गोष्ट मला फार जाणवते. ज्या दोघी-दोघी येतात, जावा-जावा, शेजारणी, त्या टिकतात. अहमदाबादला 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेच्या बँकेतल्या सभासद महिलांवर असाच अभ्यास झाला होता, दोन दिवसांचं प्रशिक्षण, काहींना एकटीने बोलावलं आणि काहींना मैत्रिणीबरोबर. चार महिन्यांनी पाहिलं तर मैत्रिणीबरोबर आलेल्यांनी व्यवसायासाठी जास्त कर्ज घेऊन काम वाढवलं होतं. त्यामुळे आमच्या भागातल्या बायका चौकशीला येतात तेव्हा मी पहिलं सांगतो, कोणाला तरी बरोबर आणा.

माझ्या गाळ्यात आयटीआयची अप्रेंटिस मुलं असतात. शनिवारी दुपारी मी आठवड्याची कोटेशनं काढतो, तेव्हा त्यांना शेजारी बसवतो. ड्रॉइंग समोर ठेवतो, रेट आधी त्यांना काढायला सांगतो, मग माझा दाखवतो, आणि पुढच्या शनिवारी ती ऑर्डर मिळाली की गेली हेही सांगतो. माझ्या ओळखीचे काही गाळेवाले म्हणतात, उद्या हीच पोरं शेजारी गाळा टाकून तुझी पार्टी नेतील. दोघांनी गाळे टाकले आहेत, एकाने विक्रोळीला आणि एकाने अंबरनाथला. माझ्याकडे जास्तीचं काम आलं की मी त्यांनाच देतो, कारण त्यांचा रेट मला माहीत असतो आणि माल वेळेवर येतो.

तर, ज्यांनी धंदा सुरू करून सहा महिने ते दोन वर्षं झाली आहेत, त्यांच्यासाठी शनिवारी तीन ते सहा गाळा उघडा आहे. टर्निंगचंच काम हवं असं नाही. मागे डबे पुरवणाऱ्या एक ताई आल्या होत्या, एक मुलगा टी-शर्टवर छपाई करतो तो आला होता, भाव काढायची रीत सगळीकडे एकच आहे. येताना गेल्या तीन महिन्यांची विक्रीची बिलं आणा, खरेदीची बिलं आणा, लाईटचं बिल आणि भाड्याची पावती आणा, आणि ज्यांचे पैसे यायचे आहेत त्यांची यादी तारखांसकट. पार्टीचं नाव दाखवायचं नसेल तर त्यावर कागद चिकटवून आणा. बरोबर घरचं किंवा धंद्यातलं आणखी एक माणूस आणलंत तर बरं.